घोटसाहेबांची टाळू

चहा चाखायची नोकरी असते आणि तिचा पगारही मिळतो, हे घोटसाहेबांच्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. जावई काहीतरी लपवतोय, असंच त्या बिचारीला वाटत राहिलं. पण नोकरी खरी होती, आणि चांगली होती. चहाच्या कंपनीत मोठ्या खिडक्यांची एक लांबट खोली होती. तिथल्या ओट्यावर पांढऱ्या कपांची रांग मांडलेली असायची. प्रत्येक कपात वेगळ्या मळ्याचा चहा, दूध नाही, साखर नाही. घोटसाहेब चमचा घेऊन रांगेच्या एका टोकाला उभे राहायचे. चमचा ओठांशी न्यायचा आणि असा फुर्रकन ओढायचा की चहाचा तोंडात फवारा होऊन तो थेट टाळूवर आपटला पाहिजे. क्षणभर तिथे खेळवायचा आणि शेजारच्या चाकांच्या पिकदाणीत पिचकारी मारायची. मग म्हणायचं, "घ्या." किंवा म्हणायचं, "नको." या दोन शब्दांवर गोदामं भरायची. इमारतीतले लोक त्यांना आधी पाठीमागे घोटसाहेब म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि त्यांनीही ते नाव बढतीसारखं स्वीकारलं.

अशा माणसाच्या गुडघ्याला काही झालं असतं तर कुणी लक्षही दिलं नसतं. झालं ते तोंडात. वरच्या सुळ्यावरची हिरडी वर सरकली आणि दाताचं मूळ उघडं पडलं. गरम चहा तिथे लागला की कळ कानापर्यंत जायची. आता चाखायच्या खोलीत सगळ्यांचे डोळे घोटसाहेबांच्या चेहऱ्यावर असत, कारण शब्द बाहेर पडायच्या आधी निकाल तिथे लागतो असा सगळ्यांचा अनुभव. एका सकाळी चांगल्यातला चांगला चहा चाखताना कळ आली आणि साहेबांचं तोंड असं काही वाकडं झालं की बोलायच्या आत माणसांनी त्या मळ्याच्या पेट्या परत पाठवायला बाजूला ओढल्या. "अहो, माझा दात दुखला," एवढंच म्हणायचं होतं. पण चारचौघांत दात दुखला म्हणणं घोटसाहेबांच्या जिवावर आलं. उलट त्या चहात काय काय खोट आहे यावर त्यांनी उभ्या उभ्या एक छोटं व्याख्यान दिलं, आणि ते इतकं चांगलं झालं की शेवटी शेवटी त्यांना स्वतःलाही ते पटायला लागलं. तो चहा दुसऱ्या कंपनीने घेतला आणि त्याच्यावर नाव कमावलं.

मोठ्या साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "अलीकडे एक-दोनदा असं झालंय," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "तब्येत वगैरे बरी आहे ना?"

घोटसाहेबांनी ओठ वर करून सुळा दाखवला. आपल्या सगळ्या चुकांचा आरोपी एवढासा आणि जागच्या जागी सापडला, याचं त्यांना मनातून बरंच वाटलं.

हिरड्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या लेकीएवढ्या होत्या. त्यांनी आरसा घालून बघितलं, टोकदार सळईने मोजलं आणि विचारलं, "दात कसे घासता तुम्ही?"

हा प्रश्न घोटसाहेबांच्या आवडीचा होता. चाखायला बसण्याआधी तोंडात मागचं काही राहता कामा नये, म्हणून ते घरी, ऑफिसात आणि जेवणानंतर, बाजारात मिळेल तो कडकातला कडक ब्रश घेऊन हात भरून येईपर्यंत दात घासत. उभ्या नोकरीत त्यात खंड पडला नव्हता. त्यांनी ते हातवारे करून दाखवलं.

"म्हणजे हे तुम्हीच केलंय," बाई म्हणाल्या. "हिरडी घासून काढलीत तुम्ही. आता ती परत येणार नाही. वरून झाकावी लागेल. टाळूवरचा छोटा तुकडा काढायचा आणि तिथे शिवायचा, म्हणजे..."

घोटसाहेब खुर्चीत ताडकन उठून बसले. गळ्यातला कागदी रुमाल तसाच होता, त्यामुळे जेवायला बसलेलं मूल रागावल्यासारखं दिसलं, पण राग खरा होता. "टाळूला हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"चव जिभेला कळते हो. टाळूचं काही बिघडत नाही. चार दिवस दुखेल, भरून येईल."

"गोड-कडू जिभेला कळतं. ते काय, कुणालाही कळतं. चहा अंगाने भरलेला आहे की पोकळ, तुरटपणा धरतोय की नुसता ओरखडे काढतोय, हे इथे कळतं." त्यांनी आपलंच बोट आपल्या तोंडात घातलं. "ही टाळू म्हणजे माझी नोकरी आहे, बाई. तुमच्या हाताचं बोट काढून मी तुमच्या पायाला शिवलं तर चालेल का?"

बाईंना वाद घालायचा नसावा. त्या म्हणाल्या की दुसरा मार्ग आहे. कोलॅजनची तयार पट्टी मिळते, पातळ, पांढरी, स्पंजासारखी. ती हिरडीखाली ठेवायची, वरून टाके घालायचे. आतल्या बारीक जाळीत आपलीच हिरडी हळूहळू भरत जाते आणि पट्टी विरून जाते. टाळूच्या तुकड्याइतकी खात्री नाही, आणि नंतर जपावं फार लागतं. "पण तुमची टाळू शाबूत राहील," त्या म्हणाल्या.

"मग तेच करा," घोटसाहेब म्हणाले. उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "कशाची असते ही पट्टी?"

"डुकराच्या कातडीपासून बनवतात," बाई हात धूत म्हणाल्या. "पण सगळं धुऊन काढलेलं असतं. डुकराचं असं त्यात काही उरत नाही."

ही शेवटची दोन वाक्यं घोटसाहेबांनी घरी सांगितलीच नाहीत असं नाही. सांगितली, पण तोवर बायकोने पहिलं वाक्य ऐकलेलं होतं. ती भाजी निवडत होती, ती थांबली. "अहो, तुमच्या तोंडात?" एवढंच तिने विचारलं. रात्रीच्या जेवणाला दोघांच्या मध्ये पाण्याचा जग आणून ठेवला. घोटसाहेबांनी तिला जाळी, पेशी, विरघळणं सगळं समजावलं. ती म्हणाली, "स्वतःचं कातडं आहे ना तोंडात? मग ते का नाही घेत? एवढं काय त्या टाळूचं कौतुक!" यावर घोटसाहेब दुखावले. घरचं माणूसच जर असं बोलायला लागलं तर परक्यांशी काय भांडायचं, असं त्यांच्या मनात आलं.

परके तयारच होते. बातमी जिन्यावरून खाली उतरली आणि सल्ले घेऊन वर आली. तळमजल्यावरचे सोसायटीचे सेक्रेटरी येऊन म्हणाले, "हे हिरड्यांचे लाड कशाला? मी सगळे काढून टाकले." आणि पुरावा म्हणून त्यांनी वरची कवळी काढून टीपॉयवर ठेवली. ती तिथे असेपर्यंत कुणी बिस्किटाला हात लावला नाही. वरच्या मजल्यावरच्या वहिनींच्या मावसभावाने असंच काहीतरी केलं होतं, आणि तो आता बोलतो ते कुणाला समजत नाही. पण तो आधीही बोलायचा ते समजायचं नाही, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

खरा रस घेतला तो समोरच्या कातडेकाकांनी. काका चामड्याच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून त्यांच्या विषयात कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. कोलॅजन हा शब्द ऐकताच ते खुर्ची ओढून जवळ आले.

"अहो, कोलॅजन म्हणजेच कातडं. आमच्या खात्यातला माल! आणि कातडं कमावायला काय वापरायचो आम्ही? झाडाच्या सालीतला तुरट रस. तोच तुरटपणा तुमच्या चहात. तुरट लागतं म्हणजे काय होतं, तोंडाचं आतलं कातडं जरासं कमावलं जातं." त्यांनी घोटसाहेबांच्या जबड्याकडे मालाकडे बघावं तसं बघितलं. "तुम्ही तिथे कच्चं कातडं शिवणार आणि वरून रोज कडक चहा ओतणार. काही दिवसांत त्याचा बूट होईल."

बायको आत जाऊन हसली. हिरडीच्या प्रकरणात ती हसली ती ही एकदाच.

मग कंपनीचं वैद्यकीय खातं. तिथल्या कारकुनासमोर दोन रकाने होते, आजार आणि सौंदर्य. हिरडी झाकणं म्हणजे त्याच्या मते सौंदर्य. घोटसाहेबांनी त्याला ओठ वर करून सुळा दाखवला. कारकुनाने नीट बघितला आणि म्हणाला की सौंदर्य नाही हे मान्य. पण मग बाहेरचं कातडं शरीरात बसवायचं म्हणजे प्रत्यारोपण आलं, आणि प्रत्यारोपण म्हटलं की दात्याची लेखी संमती लागते.

"दाता डुक्कर आहे," घोटसाहेब म्हणाले.

"ते मी कसं लिहू?" कारकून म्हणाला. "तुम्ही स्वतःचंच घेतलं असतं तर काही प्रश्नच नव्हता."

हे वाक्य घोटसाहेब आता तिसऱ्यांदा ऐकत होते. डॉक्टर, बायको आणि आता कंपनीची शाई. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते टेबलावर हात आपटून म्हणाले की ज्या टाळूवर ही कंपनी उभी आहे ती टाळू ते कंपनीच्याच कारकुनाच्या सोयीसाठी कापून देणार नाहीत. कारकून घाबरला नाही, पण कंटाळला, आणि कचेरीच्या कामात कंटाळ्याचाही उपयोग होतो. त्याने 'इतर' असं लिहून शिक्का मारला.

ऑपरेशनला निघायच्या आदल्या दिवशी घोटसाहेबांनी चाखायची खोली शिष्येच्या ताब्यात दिली. शिष्या म्हणजे त्यांच्या हाताखालची मुलगी. आता मुलगी कसली, तिचे केस कानाजवळ पांढरे व्हायला लागले होते. चमचा कसा धरायचा इथपासून तिला त्यांनीच शिकवलं होतं. चहाशी खोटं बोलायचं नाही, हे वाक्य तर तिने इतक्यांदा ऐकलं होतं की ते सुरू झालं की ती पुढचं ओठांतल्या ओठांत म्हणायची. "अडलं तर फोन कर," ते म्हणाले. "वेळ काळ बघू नकोस. आणि घाई नाही. तू दोन घोट जास्त घेतलेस तरी चालेल." ती म्हणाली, "हो सर. तुम्ही नीट बरे होऊन या."

ऑपरेशन झालं. पट्टी हिरडीखाली गेली, टाके पडले, वरून गुलाबी लेप बसला. डॉक्टरीणबाईंनी बायकोला समोर बसवून बजावलं. गरम नाही. चावायचं नाही. ओठ वर करून बघायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काहीही ओढून प्यायचं नाही आणि जोराने थुंकायचं नाही. तोंडात नुसती ओढ बसली तरी टाके सुटतात. बायको हे ऐकताना नवऱ्याकडे बघत राहिली. ज्या माणसाने आयुष्यभर ओढून प्यायचा आणि जोराने थुंकायचा पगार घेतला त्याला हे सांगताय, असं तिच्या मनात असावं.

घोटसाहेबांनी नियम मात्र काटेकोर पाळले. बायको भाज्यांचं कोमट पाणी चोच असलेल्या वाटीतून त्यांच्या गालाच्या चांगल्या बाजूला हळूहळू सोडायची आणि ते छताकडे बघत गिळायचे. औषधी पाण्याची नुसती चूळ भरून तोंड बेसिनवर उघडायचं, आपोआप सांडेल तेवढं सांडू द्यायचं. बोलणं बंद होतं, म्हणून पाटी घेतली होती. पाटीवर ते मुख्यतः एकच प्रश्न लिहीत.

"फोन आला होता का?"

"नाही हो," बायको म्हणायची.

पहिले काही दिवस त्यांनी याचा अर्थ शिष्येला त्यांना त्रास द्यायचा नाही असा लावला. पुढचे काही दिवस फोन बिघडला असावा असा लावला, आणि बायकोला शेजारून घरी फोन करायला लावलं. फोन खणखणीत वाजला. मग अर्थ लावायला काही उरलं नाही. कंपनीचा चहा दुकानांतून येतच होता. वरच्या वहिनी म्हणाल्या, या वेळचा पुडा चांगला निघाला हो, घोटसाहेब. त्या बिचारीने कौतुक म्हणून म्हटलं. घोटसाहेब उठून आतल्या खोलीत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी बायको बाजारात गेली असताना ते स्वयंपाकघरात शिरले. त्यांना फक्त एवढंच बघायचं होतं की आपली टाळू आहे तिथे आहे ना. त्यांनी चहा केला, नीट, ऑफिसात करतात तसा, आणि नियमाप्रमाणे पूर्ण निववला. हळूच ओठ लावून घ्यायचा, जिभेवर ठेवायचा आणि गिळायचा, असं ठरलं होतं. चमचा ओठांशी येईपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे झालं. पुढे हाताने आणि तोंडाने त्यांना विचारलंच नाही. फुर्रकन असा ओढला गेला की फ्रिजवरची बरणी थरथरली, आणि त्याच झोकात बेसिनमध्ये सुरेख, लांब पिचकारी गेली. पिचकारीबरोबर टपकन काहीतरी पडलं.

घोटसाहेब बेसिनवर वाकले. जाळीवर एक गुलाबी तुकडा अडकला होता. तोंडात रक्ताची चव होती. दुसरी कुठलीच नव्हती. चहाची तर अजिबात नव्हती, पण ते त्या औषधी पाण्यामुळे, असं त्यांनी त्याही अवस्थेत मनाला सांगितलं.

बायको पिशव्यांसकट दारात उभी राहिली आणि तिने बेसिन, चमचा, नवरा असं क्रमाने बघितलं. तुटलेला दात दुधात ठेवतात हे तिने कुठेतरी वाचलं होतं, म्हणून तिने दुधाची वाटी आणली. गडबड ऐकून आलेल्या कातडेकाकांनी वाटी बाजूला सारली. "दुधात काय? कातडं मिठात टिकतं. वर्षभर टिकतं." आता दूध की मीठ यावर रक्ताळलेल्या तोंडाच्या माणसासमोर दोघांची बोलाचाली झाली. शेवटी धंद्यातला माणूस म्हणून काकांचं ऐकलं गेलं. तुकडा मिठात घोळवून बायकोच्या कानातल्यांच्या डबीत ठेवला आणि तिघे रिक्षाने दवाखान्यात गेले. वाटेत घोटसाहेबांनी डबी दोन्ही हातांत धरली होती. जिवंत आहे ना हे बघावं तसे ते मधूनमधून ती उघडत.

डॉक्टरीणबाईंनी डबीतला तुकडा चिमट्याने उचलला, मीठ झटकलं. "हा वरचा लेप आहे," त्या म्हणाल्या. मग तोंडात बघितलं. "टाके सुटलेत. पट्टी गेली. गिळली असेल किंवा बेसिनमध्ये गेली असेल." त्यांनी हातमोजे काढले. "जखम भरू दे. मग परत करू. पण आता खात्रीचं हवं असेल तर टाळूच घ्यावी लागेल. नाहीतर हा दात जास्त दिवस राहणार नाही."

घोटसाहेबांनी जोरजोरात मान हलवली. नाही म्हणून. घरी पाटीवर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं, "दात गेला तरी चालेल." बायकोने ते वाचलं आणि पुसून टाकलं. "तुम्हाला त्या नोकरीपुढे काही दिसत नाही," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुळा नसलेला नवरा मला चालेल. पण हे रोज रोज आरशासमोर उभं राहून रडकं तोंड करणं मला बघवत नाही."

जखम भरली. औषधी चुळा थांबल्या, तोंड बोलतं झालं, आणि फोन आला नाही तो नाहीच आला. तेव्हा एके सकाळी घोटसाहेब वैद्यकीय खात्यात एक कागद द्यायचा आहे असं स्वतःलाच सांगून ऑफिसात गेले. कागद खालीच देऊन परत येता आलं असतं. ते जिना चढून चाखायच्या खोलीत गेले.

अजून जेवणाची सुट्टी व्हायची होती. त्यांच्या हिशेबाने शिष्या रांगेच्या मध्यावर घामाघूम असायला हवी होती. ओटा स्वच्छ होता. कप धुऊन पालथे घातलेले. पिकदाणी कोपऱ्यात. शिष्या खिडकीशी उभी राहून चमचा पुसत होती. त्यांना बघून तिचा चेहरा खरोखर उजळला. "सर! या ना. दुखतंय का अजून?"

"आज पेट्या कमी आल्या वाटतं," घोटसाहेब म्हणाले.

"नाही सर. नेहमीएवढ्याच."

"मग इतक्यात कसं आटोपलं?"

"आता एकदाच चाखावं लागतं ना," ती म्हणाली, आणि चमचा पुसणारा तिचा हात थांबला.

घोटसाहेबांना आधी काही कळलं नाही. ते हसले सुद्धा. मग ते हळूहळू आत उतरलं. "म्हणजे आधी तू दोनदा चाखायचीस," ते म्हणाले. तिने चमचा ओट्यावर ठेवला. "एकदा माझ्याबरोबर. आणि मग?"

"तुम्ही जेवायला गेलात की," ती म्हणाली. "थोडंच असायचं सर. एखादी पेटी इकडची तिकडे. तुमच्याच नावाने लावायची मी. कुणाला ठाऊक नाही. मोठ्या साहेबांना पण नाही. ती परत गेली ना पेट्यांची खेप, तेव्हा मी रजेवर होते. नाहीतर तेही झालं नसतं."

"दाताने घात केला," घोटसाहेब म्हणाले. "कळ आली की काही सुचत नाही माणसाला. दात दुखायला लागल्यापासून, नाही का?"

तिला हो म्हणता आलं असतं. त्यांनी वाक्य तिच्यासमोर तसंच ठेवलं होतं, नुसतं उचलायचं होतं. तिने त्यांच्याकडे बघितलं.

"दाताच्या आधीपासून, सर," ती म्हणाली. "बऱ्याच आधीपासून."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत नेत होतं. घोटसाहेबांनी ओट्याची कड धरली. लाज वाटली, राग आला, आणि त्याच्या खालून या मुलीबद्दल अशी माया दाटून आली की तिचं काय करावं ते त्यांना कळेना. "दोन कप लाव," ते म्हणाले. "एक चांगला. एक झाडलोटीचा चुरा. कुठला कुठे ते सांगू नकोस."

तिने लावले. त्यांनी ओढला नाही, साधा प्यायले, पाहुणे पितात तसा. पहिला कप. दुसरा कप. परत पहिला. गरम होतं, ओलं होतं, थोडं कडू होतं. ते जिभेने टाळू चाचपत राहिले. मग आपल्याही नकळत त्यांनी मान वर करून शिष्येच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की ही मान आपोआप वर गेली आहे. खोलीतले सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असताना ते कित्येक दिवस हिच्या चेहऱ्याकडे बघत आले होते. शिष्या खिडकीकडे तोंड करून उभी होती.

"त्या औषधी पाण्याने असेल," घोटसाहेब म्हणाले.

"असेल सर," ती म्हणाली.

घरी येऊन त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "डॉक्टरांची वेळ घे." पुढच्याच आठवड्यात ते त्याच खुर्चीत, तसाच कागदी रुमाल गळ्यात बांधून पडले होते. डॉक्टरीणबाईंनी नवीन पट्टीचं पाकीट समोर आणून ठेवलं होतं. त्या समजावायला लागल्या की यावेळी आणखी जपू, टाके जास्त घालू.

"टाळूचं घ्या," घोटसाहेब म्हणाले.

बाई थांबल्या. "पण तुमचं काम?"

"काम व्यवस्थित चाललंय. माझ्याहून चांगली माणसं आहेत तिथे." मग थोड्या वेळाने ते म्हणाले, "बधिर करायचं औषध कमी घातलंत तरी चालेल. तिथे मला फारसं काही कळत नाही."

"असं सगळे म्हणतात," बाई हसून म्हणाल्या. "टाळूची सुई सगळ्यात वाईट. तोंड उघडा. मोठं."

सुई टाळूत शिरली आणि घोटसाहेब ओरडले. असे ओरडले की बाहेर बाकावर बसलेली बायको दार ढकलून आत आली. ते खुर्चीच्या हातांना धरून थरथरत होते, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तिने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "एवढं दुखलं? झालं हो, झालं. निघाली सुई."

सुई केव्हाच निघाली होती. घोटसाहेबांनी मान हलवली, फार दुखलं म्हणून, आणि डॉक्टरीणबाई अर्धवट भरलेली नळी हातात धरून त्यांचं रडणं थांबायची वाट बघत उभ्या राहिल्या.